पिवळा खडू आणि काळी म्हैस

आमच्याकडे शेतातून बीट निघायला लागले की मला सासूबाईंची आठवण येते. यात बीटांचा काही दोष नाही आणि सासूबाईंचा तर नाहीच नाही. ऑक्टोबर उजाडला की नेदरलँड्समधल्या आमच्या नीउ-व्हेनेपच्या बाहेर रस्त्याकडेला साखरेच्या बीटांचे ढीग लागतात. चिखलाने माखलेले, पांढुरके, एकेक नारळाएवढे. ट्रॅक्टर ये-जा करून डांबरावर चिखलाचा थर बसतो, सायकलवाले पुटपुटत उतरून चालायला लागतात, आणि सकाळच्या धुक्यात कापलेल्या मुळांचा गोडसर, मातकट वास भरून राहतो. त्या वासात माझ्या नाकाला आणखी दोन वास हटकून येतात. एक पेट्रोलचा आणि एक चिंचेचा. हे दोन वास एकत्र यावेत अशी जगात दुसरी जागा नसेल. ती होती हेंकच्या कोठारात, दोन हजार पाच-सहाच्या सुमाराच्या एका शरदात, जेव्हा आमच्या घरी म्हैस होती.

म्हणजे आहे अजून. पण तेव्हा ती राहणार की जाणार हे ठरायचं होतं.

म्हैस हे नाव मी ठेवलं. माझ्या नवऱ्याच्या, मिलिंदच्या तोंडी तिचं नाव तीन आकडे, दोन अक्षरं आणि एका अमेरिकन जनावराचं होतं. काळी, रुंद, दोनच दारं, पुढचं नाक एवढं लांब की वळणावर गाडी आधी पोचायची आणि आपण मागाहून. वयाने जवळजवळ माझ्याएवढी. अमेरिकेत एके काळी पोरांनी सिग्नलपासून सिग्नलपर्यंत शर्यती लावाव्यात म्हणून अशा गाड्या काढल्या. साध्या गाडीत ट्रकला शोभेल असं इंजिन घालायचं, झालं. तिला सरळ जाता येतं, जोरात जाता येतं, आणि गोठ्यातल्या म्हशीसारखं दिवसभर पिता येतं. असली गाडी नेदरलँड्समध्ये आणायची, जिथे सरळ रस्ता संपला की कालवा लागतो आणि कालवा संपला की सायकलींची रांग, याला मी वेड म्हणाले. मिलिंदने पुणेरी उत्तर दिलं. म्हणाला, इतक्या जुन्या गाडीला इथे रोड टॅक्स नाही. जणू काही टॅक्स वाचवण्यासाठीच माणूस म्हैस पाळतो.

मिलिंदच्या हौशींचा इतिहास मला पाठ होता. आधी मासे झाले, मग पाव भाजणं झालं, मग एक सतार आली जी आजही माळ्यावर झोपलेली आहे. हौसेला मोल नाही म्हणतात ते खरं आहे, कारण कुणी विचारायलाच जात नाही. पण म्हशीचं प्रकरण वेगळं निघालं. मासे मेल्यावर तो दोन दिवस हळहळला होता. म्हशीचा एक स्क्रू हरवला तर जेवायचा नाही.

हेंक म्हणजे ज्याच्या कोठारात ती बांधली होती तो. ट्रक दुरुस्त करून निवृत्त झालेला, दारात मावायचा नाही एवढा माणूस. भोवती त्याच्या भावाचं बीटाचं शेत. तो सगळ्यांशी मोठ्या आवाजात डच बोलायचा, समोरच्याला कळतंय की नाही याची चौकशी न करता. मिलिंदचं डच तेव्हा दूध, पाव आणि नगरपालिका यापलीकडे गेलं नव्हतं. तरी दोघं रविवारचा अख्खा दिवस त्या बॉनेटमध्ये डोकी घालून गप्पा मारायचे. दोघांचं नुसत्या नामांवर भागायचं, क्रियापदांची गरजच पडायची नाही. मी डबा घेऊन जायची तेव्हा मला चार पाय दिसायचे आणि मधूनमधून एक "आह" ऐकू यायचं.

हेंकचा एक नियम होता. काही पुसायचं नाही. जुन्या गाडीवरची धूळ विचारून पुसायची, गंज बघून पुसायचा, आणि कारखान्यातून आलेल्या रंगाला तर बोटही लावायचं नाही. त्या मळकट रूपाला या लोकांत पॅटिना म्हणतात आणि त्याची किंमत येते. मला हा शब्द फार आवडला. मी घरातल्या कपाटांवरच्या धुळीलाही पॅटिना म्हणायला लागले आणि काही आठवडे सुखात काढले.

आपल्याकडे जुन्या वस्तूची किंमत कशी ठरते? घासल्यावर चमकते का, एवढंच बघायचं. चमकली तर देवघरात, नाहीतर बोहारणीकडे. बोहारीण साडी उन्हात धरून जरीवर नख घासायची आणि मग एक पातेलं पुढे सरकवायची, तेही परत घेण्याच्या तयारीत. या गाड्यांचं शास्त्र मात्र उलटं. तिथे चमकणाऱ्याचा संशय घेतात. कारण असं की मोठ्या इंजिनाच्या खऱ्या गाड्या थोड्या, आणि हव्या सगळ्यांना. मग लोक साधी, गरीब इंजिनाची गाडी घेतात आणि तिला श्रीमंत बहिणीचे कपडे घालून उभी करतात. बाहेरून काही कळत नाही. आमची म्हैस जातिवंत होती की सोंग घेतलेली, हे विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं, किंवा माहीत असून तो गप्प बसला.

आणि मग एका रविवारी हेंकला ती खूण सापडली. इंजिन आणि माणसं बसतात ती जागा यांच्यामध्ये जो पत्रा असतो, त्यावरच्या काजळीखाली, पिवळ्या रंगीत खडूने खरडलेली दोन अक्षरं आणि एक आकडा. कारखान्यात गाड्यांची रांग पुढे सरकत असताना कुणा कामगाराने घाईत लिहिलं होतं, पुढच्या माणसाला कळावं म्हणून, की हिला मोठं इंजिन बसवा. हेंकने टोपी काढली. मिलिंद मला फोनवर सांगताना इतका हळू बोलत होता की मला वाटलं कुणी गेलं.

तेव्हा आमच्यात करार झाला होता. मूल्यांकन करणारा माणूस येणार होता, कारण असल्या गाडीचा विमा त्याच्या कागदाशिवाय उतरत नाही. तो म्हणाला खरी आहे, तर म्हैस राहील आणि मी तिच्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही. तो म्हणाला खोटी आहे, तर थंडीच्या आत ती विकायची आणि माझे रविवार मला परत करायचे. मला माझे रविवार हवे होते. अ‍ॅमस्टेलव्हीनला मैत्रिणींकडे जोडीने जावं, समुद्रावर वारा खावा, किंवा नुसतं एकमेकांच्या समोर बसून कंटाळावं. परक्या देशात कंटाळायलासुद्धा सोबत लागते. आणि त्याला ती म्हैस हवी होती, लहान मुलाला हवी असते तशी, कारण न सांगता.

त्यातच साताऱ्याहून सासूबाई आल्या, तीन महिन्यांच्या व्हिसावर. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, पण ते शाळेला कळवलं होतं, स्वतःला नाही. विमानतळावर उतरल्याउतरल्या त्यांनी रांगेतल्या एका डच पोराला नीट उभं राहायला लावलं, तेही मराठीत, आणि तो उभा राहिला. पर्समध्ये रुमाल, सुपारी, आणि पिवळ्या खडूचा एक तुकडा कायम. फळ्यावरची शीर्षकं त्या आयुष्यभर पिवळ्या खडूने लिहीत आल्या होत्या. लागतो कधी कधी, म्हणायच्या.

म्हैस त्यांनी एकदाच भोवती फिरून पाहिली. मग मिलिंदला म्हणाल्या की आपल्याकडे भंगारवाला दारावर येतो, तुला त्यासाठी इतक्या लांब यायची गरज नव्हती. मला त्या दिवशी सासूबाई पहिल्यांदा अगदी जवळच्या वाटल्या. नंतर त्या मला एकटीला म्हणाल्या, "अगं, चांगला शिकलेला मुलगा. गाडी घ्यायची तर नवी घ्यावी. लोक काय म्हणतील, एवढ्या परदेशात जाऊन कुणाची उतरवलेली घेतली?" मी मान डोलावली. आमची दोघींची युती झाली होती आणि असल्या युत्या रोज होत नाहीत.

पण दसरा जवळ आला आणि त्या बदलल्या. गाडी कशीही असो, घरची आहे, तर तिची पूजा व्हायला हवी. आणि पूजा व्हायची तर ती आधी घासायला हवी. पारोशा गाडीला हार घालायचा नाही. त्यांनी अ‍ॅमस्टेलव्हीनच्या दुकानातून आणलेली चिंच भिजत घातली, मीठ घेतलं, नारळाची शेंडी जपून ठेवलेली होती ती घेतली, आणि मला म्हणाल्या, मला तिथे सोड आणि तू झेंडूचं बघ. झेंडूचं बघणं म्हणजे इथे तीन फुलबागा पालथ्या घालणं. मी गेले. मला वाटलं, पुढचा चकचकीत बंपर घासतील. हेंक शेतात ट्रॅक्टरवर होता. त्याने लांबून हात केला, यांनीही केला, आणि दोन्ही देशांचं एकमत झालं असं त्यांनी गृहीत धरलं.

मी परत आले तेव्हा सासूबाई बीटाच्या पालथ्या क्रेटवर उभ्या होत्या, पदर खोचलेला, कोपरापर्यंत काळ्या. बॉनेट उघडं. आत सगळं लखलखत होतं. कुठलीशी पितळी तोटी त्यांना सापडली होती आणि ती त्यांनी समईसारखी काढली होती. कोठारभर चिंचेचा आंबूस वास. "बघ आता," त्या म्हणाल्या, "गाडी कशी माणसात आली." खरं सांगते, मला तो लखलखाट फार आवडला. खुणेबद्दल मी ऐकलं होतं, पण ती नेमकी कुठे होती हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी मिलिंद ऑफिसातून थेट तिथे आला. बॉनेट उघडून तो आत वाकला. मग अगदी शांतपणे म्हणाला, "आई, इथे काहीतरी लिहिलेलं होतं."

"होतं ना," सासूबाई म्हणाल्या. "कुणा वाह्यात मुलाने खडूने खरडलं होतं. मी पुसलं."

त्यांची काय चूक? बाकांवरचं, भिंतींवरचं, फळ्याच्या कोपऱ्यातलं पुसण्यात त्यांचा जन्म गेला. मिलिंद टायरवर बसला. हेंक आला, त्याने आत पाहिलं, बाहेर गेला, आणि बीटांच्या ढिगाशी उभा राहून एकटाच काहीतरी बोलला. ते डच मला समजलं नाही आणि समजून घ्यायची इच्छाही नव्हती.

मिलिंद ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही. घरी आल्यावर आईला नीट जेवायला वाढलं, तूप विचारलं, औषधाची आठवण केली. सासूबाईंना पोरांचं ओरडणं, रडणं, खोटं बोलणं सगळं हाताळता यायचं, पण मुलाचं असं सभ्य वागणं त्यांना झेपेना. पोळी अर्धी टाकून उठल्या. आत मला हळूच विचारलं की त्या खरडण्यात एवढं काय होतं. मी सांगितलं. कारखान्यातल्या माणसाचं अक्षर होतं, गाडी खरी असल्याचा तेवढाच एक पुरावा होता. त्या पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या की मग नीट लिहायला काय झालं होतं त्याला. आवाज मात्र नेहमीचा नव्हता. मला माझे रविवार मिळणार होते आणि मला काही म्हणता काही आनंद होत नव्हता. उलट वाईटच वाटत होतं, दोघांचंही.

मिलिंदने खुणेचा फोटो काढला होता. हेंकने हातवारे करून एक मार्ग सुचवला. तसला खडू आणू, फोटो बघून परत लिहू, बरेच लोक लिहितात. मिलिंद म्हणाला, नको. मग आपण लिहिलेलं आपणच खरं मानत बसायचं.

दसऱ्याला कोठारात पूजा झाली. हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ हेंकने फोडला, हातोडीने, आणि पाणी अंगावर उडाल्यावर मागे सरकला. सासूबाई म्हणाल्या की इंजिनालाही कुंकू लावायला हवं, मुख्य काम तेच करतं, आणि मिलिंदकडून तो खुणेचा फोटो मागून घेऊन बॉनेटखाली गेल्या. बराच वेळ त्या तिथे होत्या. आम्हाला वाटलं, स्तोत्र म्हणताहेत. आपटा इथे कुठला मिळायला, म्हणून हेंकच्या कुंपणाची पानं तोडून आम्ही सोनं वाटलं. हेंकच्या हातात पान ठेवून मी सांगितलं की हे सोनं आहे. त्याने पान उलटंसुलटं केलं आणि म्हणाला की हे माझ्याच कुंपणाचं आहे. मी म्हटलं, हो, पण आज सोनं. त्याने ते खिशात ठेवलं. अजूनही दर दसऱ्याला त्या पानाचा विचार माझ्या मनात येतो. झाड तेच, पान तेच, एक दिवस सगळ्यांनी मिळून सोनं म्हणायचं ठरवलं की झालं.

दुसऱ्या दिवशी मूल्यांकनवाला आला. सडपातळ, पांढरे हातमोजे घातलेला, खिशात लोहचुंबक. चुंबक पत्र्यावरून फिरवत गेला, कुठे गंजाच्या भोकांत लांबीचा लगदा भरलेला आहे का ते बघायला, डॉक्टर पोट तपासतात तसा. मिलिंद भिंतीला टेकून उभा. हेंकने टोपी हातात धरलेली. मग त्याने बॉनेट उघडलं, आत बॅटरी मारली, आणि वाकला तो वाकलेलाच राहिला. आम्ही जवळ गेलो.

त्या पत्र्यावर पिवळ्या खडूने दोन अक्षरं आणि एक आकडा लिहिलेला होता. टपोरं, गोल, एकसारखं अक्षर, शाळेच्या सुविचारासारखं. खाली पट्टीने मारलेल्या दोन रेघा.

मूल्यांकनवाल्याने बॅटरी विझवली. म्हणाला, "हा कामगार फार चांगल्या शाळेत शिकलेला दिसतो." मग मिलिंदकडे वळून सरळ विचारलं की हे कारखान्यातलं आहे का.

मिलिंदने तोंड उघडलं. हो म्हणाला असता तर म्हैस राहण्याची आशा होती, थोडीच, पण होती. नाही म्हणाला असता तर आई तोंडावर पडणार. तो काय म्हणाला असता हे मला आजही माहीत नाही, कारण मागून सासूबाई पुढे आल्या, पदर सारखा केला, आणि शाळातपासणीला आलेल्या साहेबांशी बोलावं तशा इंग्रजीत म्हणाल्या की हे माझं अक्षर आहे, आधीचं मी पुसलं, म्हणून मी परत लिहून दिलं, यात माझ्या मुलाचा काही संबंध नाही.

त्या माणसाने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी पर्समधून काढलेल्या पिवळ्या खडूकडे पाहिलं, आणि कशाने पुसलं ते विचारलं. चिंच त्याला समजावून सांगण्यात बराच वेळ गेला. फोटो आम्ही दाखवला. तो म्हणाला, फोटो कुठल्याही गाडीचा असू शकतो. शेवटी त्याने सांगितलं ते असं, की गाडी खरी असेलही, नसेलही, पुरावा गेलेला आहे, म्हणून कागदावर तो अनिश्चित असं लिहील. जाताना त्या पितळी तोटीपाशी थांबला आणि अशी स्वच्छ तोटी आपण कधी पाहिली नाही म्हणाला. हे त्याने कागदावर लिहिलं नाही.

तर आता प्रश्न असा की करारात अनिश्चित हा रकाना नव्हताच. खरी तर ठेवायची, खोटी तर विकायची, यापलीकडे आम्ही दोघांनीही विचार केला नव्हता. मिलिंद माझ्याकडे बघत होता आणि मी पायाखालच्या सिमेंटकडे. मला जिंकता आलं असतं. बोलायचं तेवढं होतं.

सासूबाईच बोलल्या. "अरे, यात एवढं बघायचं काय? काठावरचा मुलगा पास करायचा असतो. मी नेहमी तेच केलं."

"आई, तूच म्हणालीस ना भंगार आहे?"

"भंगार आहेच. पण नापास करण्यासारखी नाही. तिने कष्ट घेतलेत." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ग्रेस मार्क दे गं तिला. माझ्या सांगण्यावरून."

आता मुख्याध्यापिकेने शिफारस केल्यावर मी कोण? दिले. पण एका अटीवर, की रविवारचे दोन भाग होतील. सकाळ म्हशीची, दुपार माझी. तो करार आजतागायत बहुतेक वेळा पाळला जातो.

त्याच दिवशी हेंकने म्हैस बाहेर काढून दिली, मिलिंद चालवायला बसला आणि सासूबाई त्याच्या शेजारच्या सीटवर बसल्या, काठापदराची साडी, मांडीवर पर्स. इंजिन सुरू झाल्यावर बीटांच्या ढिगावरचे कावळे उडाले. कालव्याच्या कडेने, चिखलातून, ओल्या उन्हात आम्ही सावकाश गेलो, कारण जोरात जायला रस्ताच नव्हता. सायकलवाले थांबून बघत होते. एक म्हातारा तर सायकलवरून उतरला. सासूबाईंनी त्याला मान डोलावून दाद दिली. थोड्या वेळाने मिलिंदच्या कानाशी वाकून म्हणाल्या की सगळं छान आहे, फक्त वर्गात इतका आवाज चालत नाही. मिलिंद इतका हसला की त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली. हसता हसता त्याने डोळे पुसले आणि मग आईचा हात धरून तसाच बसून राहिला. मागच्या सीटवर मी, गुडघे हनुवटीला टेकलेले, त्या दोघांच्या डोक्यांकडे बघत होते आणि मला ती म्हैस पहिल्यांदा आवडली.

आता सासूबाई नाहीत. हेंकही थकलाय, कोठारात खुर्ची टाकून बसतो आणि हातवाऱ्यांनी सूचना देतो. बीट मात्र दरवर्षी निघतात, न चुकता. विम्याचा कागद काही वर्षांनी नवा करावा लागतो आणि नेमका तो बीटांच्या दिवसांतच येतो. या वेळी मूल्यांकनाला आला तो अगदी कोवळा मुलगा होता. चुंबकाऐवजी त्याच्याकडे पत्र्यावरच्या रंगाची जाडी मोजणारं यंत्र. काम नीट करत होता, नम्र होता. बॉनेट उघडल्यावर त्याने तो पत्रा पाहिला, पिवळी अक्षरं, दोन रेघा. त्यावर पारदर्शक वॉर्निशचा हात मारलेला आहे हेही त्याने ओळखलं. ते मिलिंदने मारलंय, आई गेल्याची बातमी आली त्याच्या पुढच्या रविवारी, दुपारी. ती दुपार माझी होती. मी वॉर्निशचा डबा धरून उभी होते.

मुलगा संकोचून म्हणाला की तुमच्या भल्यासाठी सांगतो, हे कुणीतरी मागाहून लिहिलेलं आहे, अशा खोट्या खुणेने गाडीची किंमत कमी होते. वॉर्निश काढायचं द्रव्य मिळतं, त्याने पुसून टाका.

"त्याला हात लावायचा नाही," मिलिंद म्हणाला. "ते ओरिजिनल आहे."

मुलाने पुन्हा वाकून पाहिलं, कागद पुढे ओढला आणि विचारलं, कुठल्या कारखान्यातलं?

"सातारा."

त्याने लिहून घेतलं. स्पेलिंग मी सांगितलं.